आख्यायिका आणि सत्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या संमेलनात एका अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शकाचे नाव कशाला, असे कित्येकांस वाटेल. परंतु समाज स्वतःविषयी कथा कशी रचतो आणि त्या कथेखाली काय झाकले जाते, हा प्रश्न जितका अमेरिकेचा, तितकाच आपलाही आहे.

जॉन फोर्ड यांचा जन्म १८९४ साली, मेन राज्यातील एका आयरिश स्थलांतरिताच्या घरी झाला. पश्चिमेकडे सरकणारी वसाहतीची सीमारेषा आता उरली नाही, हे १८९० च्या शिरगणतीनंतरच जाहीर झाले होते. म्हणजे ज्या पश्चिमेचे चित्र त्यांनी जगाला दाखविले, तिचा तो काळ त्यांनी स्वतः पाहिलेलाच नव्हता. १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये गावाने हाकललेली स्त्री, मद्यपी डॉक्टर आणि तुरुंगातून निसटलेला तरुण हेच संकटात माणुसकी दाखवितात, प्रतिष्ठित पेढीवाला मात्र चोर निघतो. विशाल भूमीत मनुष्याची किंमत कुळावरून नव्हे, कृतीवरून ठरते, ही अमेरिकेची स्वतःविषयीची श्रद्धा फोर्ड यांनी मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या कड्यांपुढे मूर्तिमंत उभी केली. पण ती भूमी नाव्हाहो लोकांची; आणि त्याच लोकांना पडद्यावर धावून येणारे अपाची बनविण्यात आले!

तथापि फोर्ड येथेच थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण होय. १९४८ च्या ‘फोर्ट अपाची’त एक अहंमन्य कर्नल अपाचींना दिलेला शब्द मोडतो आणि आपल्या तुकडीचा नाश ओढवून घेतो. पुढे वार्ताहर त्याची वीर म्हणून स्तुती करतात आणि सत्य जाणणारा कप्तान ती खोडून काढीत नाही. १९६२ च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये एका दरोडेखोराला मारल्याच्या कीर्तीवर एक वकील सिनेटर होतो. गोळी मात्र काळोखातून दुसऱ्यानेच, टॉम डॉनिफनने, झाडलेली असते. डॉनिफन अज्ञातवासात मरतो. सिनेटर सारी हकीकत सांगतो, तेव्हा संपादक टिपणेच फाडून टाकतो. वृत्तपत्राने आख्यायिका जपली. पण चित्रपटगृहातील प्रेक्षकाला फोर्ड यांनी सत्य दाखविलेच. ज्याने आख्यायिका घडविली, त्यानेच तिची किंमत कोणी मोजली हेही दाखवून दिले.

आपल्याकडे हे काम बखरी आणि अस्सल कागद यांमध्ये विभागले गेले. बखरींनी अभिमान जागविला. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला व समकालीन पत्रांना प्रमाण मानावयास शिकविले. त्यायोगे मराठ्यांचा इतिहास उणा झाला नाही. उलट अधिक भक्कम झाला.

आता आपल्या स्मरणिकेकडे वळू. मूळपुरुषाची कथा तीत असावीच. देणगीदारांची छायाचित्रेही असावीत. परंतु आपले डॉनिफन कोठे आहेत? दागिने मोडून मुलांना शिकविणाऱ्या स्त्रिया, वसतिगृहात पहाटे उठून स्वयंपाक करणारे हात, आणि विधवेशी विवाह केला म्हणून ज्यांना आपल्याच पंचांनी वाळीत टाकले ते, यांचा उल्लेख आपण कधी केला? हे ज्यांना आठवते अशी वृद्ध माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून माझी विनंती एवढीच की, पुढील अंकात काही पृष्ठे यांच्यासाठी राखावीत. घरातील जुनी पत्रे व वह्या रद्दीत न घालता मंडळाकडे द्याव्यात. आणि पंचांचे जुने ठराव, आपणांस लाज आणणारे असले तरीही, जसेच्या तसे छापावेत. जी ज्ञाती आपल्या पूर्वजांच्या चुका मुलांना सांगू शकते, तिच्या अभिमानाला तडा जाण्याचे भय उरत नाही.