उमेदवारी कोणाला परवडते?

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)

‘लोकशाही आणि दबावगट’ हा मला नेमून दिलेला विषय फार विस्तृत आहे. त्याचे एकच टोक मी आज हाती धरणार आहे. वरवर पाहता ते क्षुल्लक वाटेल. दर उन्हाळ्यात अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, कॉलेजात शिकणारी हजारो मुलेमुली काम शिकण्यासाठी येतात. काहीजण काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, सभासदांच्या कचेऱ्यांत जातात. काहीजण ‘गव्हर्नमेंट अफेअर्स अँड कम्युनिकेशन्स’ असे भारदस्त नाव लावणाऱ्या कंपन्यांत जातात. आठदहा आठवडे राबून ती परततात. तिकडे याला इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे वकिलाच्या किंवा कारागिराच्या हाताखाली काम शिकण्याला ‘उमेदवारी’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. ही उमेदवारी कोणाला परवडते, एवढाच माझा प्रश्न आहे. कारण उद्या सरकारच्या कानाशी कोण लागणार, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

प्रथम या कंपन्यांचा धंदा समजून घेऊ. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकन नागरिकाला १७९१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीने दिला. हक्क सर्वांचा, पण तो बजावण्याचे कसब मात्र विकत मिळू लागले. औषधांचे कारखाने, तेलकंपन्या, बँका आणि परकी सरकारेसुद्धा शुल्क देऊन आपले म्हणणे सत्ताधाऱ्यांपर्यंत पोचवणारी माणसे नेमतात. हेच लॉबिंग. वॉशिंग्टनमधील के स्ट्रीट हा रस्ता या धंद्याचे दुसरे नावच होऊन बसला आहे. १९४६ साली त्यावर पहिला व्यापक कायदा झाला. तो अपुरा ठरल्यावर १९९५ साली नोंदणीचा आणि हिशेब जाहीर करण्याचा नवा कायदा आला, आणि जॅक अॅब्रॅमॉफ प्रकरणाच्या गदारोळानंतर २००७ साली तो कडक करण्यात आला. जाहीर झालेल्या हिशेबांनुसार २०२३ साली या कामावर चार अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला.

परंतु ही झाली धंद्याची नोंदलेली बाजू. कंपनीच्या नावातला ‘कम्युनिकेशन्स’ हा दुसरा शब्द अधिक ध्यानात घेण्याजोगा आहे. लोकमत तयार करून त्याचा दबाव सभासदांवर आणणे, हे काम १९९५च्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. पत्रांचा पाऊस पाडायचा, नागरिकांच्या नावाने समित्या उभ्या करायच्या आणि पैसा कोणाचा हे झाकून ठेवायचे. १९८५ साली लॉइड बेन्टसन या सिनेटरने अशा कारखानी जनमताला ‘अॅस्ट्रोटर्फ’ म्हटले. हे मैदानावर अंथरायच्या कृत्रिम हिरवळीचे नाव. तळागाळातून उगवलेले गवत वेगळे आणि गुंडाळी उलगडून पसरलेले गवत वेगळे, असा त्याचा अर्थ.

आता या कचेरीत आलेला उमेदवार काय करतो? सकाळी सर्वांच्या आधी येऊन वर्तमानपत्रांतील अशिलांच्या कामाच्या बातम्या निवडतो. काँग्रेसच्या समित्यांपुढील सुनावणीला बसून दोन पानांचे टिपण करतो. विधेयक कोणत्या समितीत अडले आहे, त्यावर कोणती दुरुस्ती आली, याचा माग ठेवतो. कोणत्या सभासदाचा कोणता सहायक कोणता विषय सांभाळतो, याची यादी अद्ययावत ठेवतो. या कामात कमीपणा काही नाही. उलट राज्ययंत्र आतून कसे फिरते ते पुस्तकापेक्षा येथे लवकर कळते. ही यादी हेच खरे भांडवल असते आणि उन्हाळा संपताना उमेदवार ते डोक्यात घेऊन जातो.

सुनावणीच्या रांगेचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जागा मोजक्या, म्हणून तासन्‌तास आधी रांग लागते. या रांगेत लॉबिंगवाल्यांसाठी माणसे उभी करून देणारा एक धंदाच तेथे उभा राहिला. त्या रांगेत बेघर माणसेही उभी राहिली आहेत. दार उघडायच्या सुमारास सूटबूट घातलेला गृहस्थ येतो, उभा असलेला बाजूला होतो. उभ्या राहणाऱ्याला ताशी मजुरी मिळते. पण ज्या कायद्याचा त्याच्या निवाऱ्यावर परिणाम व्हायचा, त्याची चर्चा ऐकायला तो आत जात नाही.

आता वेतनाकडे वळू. किमान वेतनाचा अमेरिकन कायदा १९३८चा. १९४७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एका रेल्वेकंपनीचा खटला आला. सातआठ दिवस बिनपगारी काम शिकणारे ब्रेकमन हे कामगार नव्हेत, असा निर्णय झाला. आठवड्याभराच्या त्या शिक्षणावरून निघालेली पळवाट पुढे सबंध उन्हाळ्याएवढी रुंद झाली. २०११ साली ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटाच्या कामावर राबलेल्या बिनपगारी उमेदवारांनी दावा लावला. २०१३ साली ते जिंकले. परंतु २०१५ साली अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून, लाभ मुख्यतः कोणाला झाला ते पाहावे, असा निकष घातला. सरकारच्या श्रमखात्याने २०१८ साली तोच निकष स्वीकारला. अभ्यासक्रमाशी जोडलेली उमेदवारी या निकषात सहज बसू शकते. त्यामुळे असे घडते की, विद्यार्थी कॉलेजला शुल्क भरतो, त्या बदल्यात गुण मिळवतो आणि कंपनीला श्रम फुकट देतो. काम करण्यासाठी कामकऱ्यानेच पैसे मोजावेत, ही युक्ती आपल्या सावकारांनाही सुचली नसती!

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, आज अनेक मोठ्या कंपन्या उमेदवारांना ताशी वेतन देतात आणि वॉशिंग्टन शहराचे किमान वेतन १७ डॉलरच्या वर आहे. उलट फार काळ फुकट राबवून घेणारी जागा म्हणजे कायदे करणारे सभागृहच. चळवळ झाली, तरुणांनी स्वतःची संघटना बांधली, तेव्हा कोठे २०१८ साली काँग्रेसने उमेदवारांच्या वेतनासाठी प्रतिनिधिगृहाला ८८ लाख आणि सिनेटला ५० लाख डॉलर मंजूर केले. व्हाइट हाउसचा उमेदवार वेतन घेऊ लागला तो २०२२च्या शरदात.

तुम्ही म्हणाल, श्रीमंत देशातील दोन महिन्यांच्या पगाराचे आम्हांला काय? मित्रहो, शिडी पाहा. उन्हाळ्यातील उमेदवार पुढे सभासदाचा सहायक होतो. सहायक अनुभव घेऊन लॉबिंग कंपनीत जातो. निवृत्त सभासदही त्याच दाराने जातो. कायद्याने सिनेटरला दोन वर्षे आणि प्रतिनिधीला एक वर्ष थांबावे लागते, इतकेच. शिडीची पहिली पायरी वॉशिंग्टनमध्ये घरभाडे भरून उन्हाळा काढण्याची आहे. ज्या मुलाला सुटीत दुकानात काम करून पुढच्या सहामाहीचे शुल्क जमवायचे आहे, तो त्या पायरीवर पाय ठेवू शकत नाही. त्याला कोणी हाकलत नाही, तो फक्त येत नाही. मग वीस वर्षांनी शिडीच्या माथ्यावर एकाच थराची माणसे दिसतात आणि गुणवत्तेने ती तेथे पोचली, असे सांगितले जाते.

या शिडीशी आपलाही संबंध आला आहे. रॉबर्ट ब्लॅकविल हे २००१ ते २००३ या काळात अमेरिकेचे भारतातील राजदूत होते. पुढे ते ज्या लॉबिंग कंपनीत गेले, तिलाच आपल्या सरकारने अणुकराराच्या काळात वॉशिंग्टनमध्ये नेमले. २०१२ साली वॉलमार्टच्या अमेरिकेतील नोंदींत भारतीय बाजारपेठेत प्रवेश हाही एक विषय असल्याचे दिसले आणि आपल्या संसदेत खळबळ उडाली. २०१० साली राडिया ध्वनिफिती बाहेर आल्या, तेव्हा मंत्रिपदांच्या वाटपाविषयी कोण कोणाशी बोलत होते ते देशाने ऐकले. यातील फरक असा : तिकडची गोष्ट कायद्याने जाहीर झाली, इकडची फोन चोरून ऐकले म्हणून कळली. लॉबिंग करणाऱ्याने नोंदणी करावी आणि अशील जाहीर करावा, असा कायदा आपल्याकडे अद्याप नाही. तो मागणे हे आपले काम आहे.

परंतु कायदा मागून आपले काम संपत नाही. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचे कसब श्रमिकांच्या मुलांनीही शिकले पाहिजे. ते अशक्य नाही. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडींनी कोणतीही कंपनी न नेमता, मोर्चे काढून आणि निवेदने देऊन १९६९ साली महाराष्ट्रात स्वतःचा कायदा करवून घेतला. विधेयक वाचणे, समितीपुढे म्हणणे मांडणे, अंदाजपत्रकातील रक्कम शोधणे, हे शिक्षण त्यांच्या मुलामुलींना देणारी उमेदवारी आपल्या संघटनांत किती ठिकाणी आहे? आणि आहे तेथे त्या मुलाच्या जेवणाची आणि एस. टी.च्या भाड्याची सोय कोण करतो? त्यागाचे कौतुक आपण पुष्कळ केले. पण ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न नक्की आहे त्यालाच पूर्णवेळ त्याग परवडतो. हे ओळखूनच १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीची कल्पना उचलून धरली. ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पैसा उभारला आणि कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय केली. मानधन ही भीक नव्हे आणि चैनही नव्हे. गरिबाच्या मुलासाठी संघटनेचे दार उघडे ठेवणारी ती पाचर आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याने पुढच्या उन्हाळ्यात निदान दोन उमेदवार घ्यावेत. एक मुलगी, एक मुलगा, आणि दोघेही अशा घरचे की ज्यांना सुटीत कमावणे भाग आहे. त्यांना जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक वाचायला शिकवा, विधानसभेतील एका विधेयकाचा माग ठेवायला सांगा, आणि महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या हातावर मानधन ठेवा. निधी कसा जमवायचा, यावर दुपारच्या बैठकीत बोलू.