चौदा फेब्रुवारीचा प्रश्न



सकाळच्या दिनविशेषासाठी रोज एक प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आहे. आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे काय घडलं, एवढंच त्यात असतं. 14 फेब्रुवारीला तर प्रश्नांना तोटा नाही. 1933 साली याच दिवशी मधुबालाचा जन्म झाला. 1876 साली याच दिवशी ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. पण या तारखेला ऐकणाऱ्यांना हवा असतो तो प्रेमाचा प्रश्न, आणि तो काढताना फार जपून राहावं लागतं.

संत व्हॅलेंटाइनचीच गोष्ट घ्या. रोमच्या बादशहाने सैनिकांच्या लग्नाला बंदी घातली, या धर्मगुरूने ती लग्नं चोरून लावली आणि त्यापायी त्याला मृत्युदंड झाला, अशी कथा दरवर्षी सांगितली जाते. तिला त्या काळचा पुरावा मिळत नाही. या संताबद्दल खात्रीची माहितीच इतकी थोडी आहे, की 1969 साली कॅथलिक चर्चने आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून त्याचा सण काढून टाकला. या दिवसाचा प्रेमाशी जोडलेला सर्वांत जुना ठळक उल्लेख सापडतो तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रज कवी चॉसर याच्या एका दीर्घकाव्यात. तिथे पाखरांची सभा भरते आणि प्रत्येक पाखरू आपला जोडीदार निवडतं.

मला स्वतःला चॉसरपेक्षा जवळची वाटते ती मार्जरी ब्रूज. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातली ही मुलगी. 1477 च्या फेब्रुवारीत तिने जॉन पॅस्टन नावाच्या तरुणाला पत्र पाठवलं आणि त्यात त्याला आपला व्हॅलेंटाइन म्हटलं. इंग्रजी भाषेतलं असं हे सर्वांत जुनं उपलब्ध पत्र मानतात. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेलं आहे. पत्र तिने लेखनिकाला सांगून लिहून घेतलं होतं. म्हणजे मनातलं सगळं आधी तिसऱ्या माणसासमोर बोलावं लागलं! आणि त्यात आहे काय? हुंड्याची काळजी. लग्नाची बोलणी पैशांपाशी अडली होती. ती सांगते, आईने वडिलांकडे पुष्कळ रदबदली केली, पण ते रक्कम वाढवायला तयार नाहीत. तुमचं माझ्यावर प्रेम असेल, तर एवढ्यासाठी मला सोडू नका. तुमच्याकडून काही कळेपर्यंत ना शरीराला बरं वाटतं, ना मनाला. साडेपाचशे वर्षांपूर्वीची ही परक्या मुलखातली मुलगी काय सोसत होती, हे आपल्याकडच्या आई-बापांना आणि मुलींना वेगळं समजावून सांगायला नको. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. 14 फेब्रुवारीला प्रेमाचा प्रश्न विचारायचा, तर मी हिच्यावर विचारते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती बोलावी म्हणूनच आज मी इथे आले आहे. दरवर्षी हा दिवस जवळ आला की मोबाइलवर एक निरोप फिरू लागतो. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना 14 फेब्रुवारीला फाशी झाली आणि आपण मात्र प्रेमाचे दिवस साजरे करतो, असा. कुणी म्हणतं, फाशी नव्हे, शिक्षा त्या दिवशी सुनावली. दोन्ही खोटं आहे. लाहोरच्या विशेष न्यायाधिकरणाने शिक्षा सुनावली 7 ऑक्टोबर 1930 रोजी. फाशी झाली 23 मार्च 1931 रोजी, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात. खरं तर ठरलेली वेळ 24 तारखेच्या सकाळची होती. सरकारने ती अलीकडे ओढली आणि आदल्या संध्याकाळीच तिघांना फासावर दिलं. रातोरात सतलजच्या काठी त्यांचे देह जाळले. 14 फेब्रुवारी 1931 चा या प्रकरणाशी संबंध एवढाच, की त्या दिवशी पंडित मदनमोहन मालवीय यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्याकडे शिक्षा सौम्य करण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही.

निरोप पाठवणाऱ्यांच्या मनात आदर असतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी येतं, त्यांच्या मरणाची तारीख तरी आपण नीट सांगायला नको का? शिवराम हरी राजगुरू आपल्या पुणे जिल्ह्यातले, भीमाकाठच्या खेडचे. जन्म 24 ऑगस्ट 1908. संस्कृत शिकायला काशीला गेले आणि तिथेच क्रांतिकारकांच्या सहवासात आले. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरमध्ये ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी त्यांनी झाडली. पुढे ते पकडले गेले पुण्यात, आणि गेले तेव्हा पुरते तेवीस वर्षांचेही नव्हते. त्यांची आठवण यायला प्रेमिकांच्या दिवसाशी भांडण लावायची गरजच काय? त्यांना त्यांचा स्वतःचा दिवस आहे, तो 23 मार्च.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती आहे. येत्या 14 तारखेला तो निरोप तुमच्याकडे आला, तर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला प्रेमाने खरी तारीख कळवा. आणि मार्चमध्ये पुणे–नाशिक रस्त्याने जाणं झालं, तर राजगुरुनगरला, म्हणजे त्याच खेडला, उतरा. भीमेच्या काठी राजगुरूंचा वाडा आहे, स्मारक म्हणून जतन केलेला. मुलांना सोबत न्या.