इष्टांक कोणाचा, हिशेब कोणाला?

(जिल्हा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, किंचित संक्षेप करून.)



संयोजकांनी आजच्या विषयाला ‘कल्याणकारी सेवांचे आधुनिकीकरण व मूल्यमापन’ असे भारदस्त नाव दिले आहे. एखाद्या निराधार म्हातारीला घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत त्यांना हा विषय नावाने नसला तरी अनुभवाने ठाऊक आहे. तेव्हा व्याख्येत वेळ न दवडता मुद्द्याला हात घालतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शासनाच्या कामाचे मोजमाप ही जागतिक बँकेने किंवा व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी आपल्यावर लादलेली कल्पना आहे, असे आपल्यातील काही तरुण मित्र मानतात. वस्तुस्थिती उलट आहे. मोजमाप ही मुळात नियोजनवाद्यांची, म्हणजे आपली मागणी. १९५२ साली, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळातच, नियोजन मंडळाने कार्यक्रम मूल्यांकन संघटना स्थापन केली. समूह विकास योजनेतून खेड्याच्या पदरात खरोखर काय पडले, हे योजना राबवणाऱ्या खात्याने न सांगता दुसऱ्या कोणी तरी पाहून सांगावे, एवढाच तिचा हेतू होता. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रशासकीय सुधारणा आयोगाने कार्याधिष्ठित अंदाजपत्रकाची शिफारस केली. पैसा किती खर्च झाला ह्यावर न थांबता त्यातून काय घडले ते विचारा, असे तिचे तात्पर्य. ह्यात आपण नाकारावे असे काहीच नाही.

प्रश्न मोजावे की मोजू नये हा नाहीच. मोजणारा कोण, मोजणी कोठून सुरू होते आणि आकडा कोणाच्या टेबलावर जाऊन थांबतो, हे खरे प्रश्न आहेत.

आपल्या देशात ‘इष्टांक’ ह्या शब्दाला एक काळी छाया आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ ह्या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे २६ लाख होता. शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला ‘केसेस’ आल्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये संमतही केले. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, हे आपले भाग्य. त्या काळातील आढावा बैठकांच्या दृष्टीने पाहिले तर शासनाची कोणतीच योजना एवढी यशस्वी झाली नव्हती! १९९६ साली केंद्र शासनाने कुटुंबनियोजनातील इष्टांक अधिकृतरीत्या रद्द केले. पण कागदावरून गेलेला इष्टांक ‘अपेक्षित साध्यपातळी’ असे सोज्वळ नाव घेऊन परत आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. तेथील आणि लगतच्या शिबिरांतील मिळून एक डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. शब्द बदलला म्हणून बैठकीत खाली मान घालून उभ्या राहणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याची भीती बदलत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. ब्रिटनमध्ये २००१ साली पंतप्रधान ब्लेअर ह्यांनी आपल्या कार्यालयाशी संलग्न असा एक खास विभाग उघडून रुग्णालये, शाळा, रेल्वे ह्यांच्यावर इष्टांकांची देखरेख सुरू केली. न्यायाने बोलायचे तर शस्त्रक्रियेसाठी थांबावे लागणारा काळ तेथे खरोखर कमी झाला. गरीब रोग्याला त्याचा लाभच झाला. पण त्याच काळात स्टॅफर्डच्या रुग्णालयात इष्टांक आणि जमाखर्च सांभाळण्याच्या नादात रुग्णांची अक्षम्य हेळसांड झाली, हे २०१३ च्या चौकशी अहवालाने उघड केले. गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलननीतीच्या संदर्भात मांडलेला विचार येथेही लागू पडतो. एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला की त्या मापाचा पूर्वीचा भरवसा उरत नाही.

आता घरच्या, आपल्या अभिमानाच्या योजनेकडे वळू. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यभर आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील पगारदाराच्या व्यवसायकरातून खेड्यातील मजुराला कामाचा हक्क, ही भारतातच काय, जगातही नवी गोष्ट होती. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. हा खरा इष्टांक! येथे शासनाने मजुराला उद्दिष्ट दिले नव्हते, मजुराने शासनाला दिले होते.

मग हा इष्टांक निकामी कसा झाला? अगदी साध्या युक्तीने. १५ दिवस मोजायचे ते मागणीच्या तारखेपासून, आणि ती तारीख सिद्ध होते पावतीने. तेव्हा अर्ज ठेवून घ्यावा, पावती देऊ नये. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, नंतर या.’ पावती नाही म्हणजे मागणी नाही. मागणी नाही म्हणजे बेकारी नाही. आणि बेकारभत्ता दिल्याची नोंद नाही म्हणजे योजना उत्तम चालली आहे! ज्यांनी त्या काळात मजुरांच्या संघटना बांधल्या, त्यांची निम्मी शक्ती तारखेच्या पावतीसाठी भांडण्यात गेली. बाहेरच्याला हा हट्ट क्षुल्लक वाटे. वस्तुतः कायद्याचे सारे बळ त्या चिठोऱ्यात होते. पुढे केंद्रीय कायद्याच्या काळात ‘नमुना ४ भरा आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका’ असे आपण गावोगाव सांगत फिरलो, ते ह्याच कारणाने.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने हजेरीपट संगणकावर आणला. मजुरी बँकेत जाऊ लागली. मुकादमाच्या हातचलाखीला काही अंशी आळा बसला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु मोजणी कोठून सुरू होते आणि कोठे थांबते, ही युक्तीही संगणकाबरोबर आत शिरली. हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळाली नाही तर विलंबाची भरपाई द्यावी, असा नियम होता. यंत्रणा विलंब मोजत होती तो फक्त देयकाचा आदेश निघेपर्यंतचा. आदेश निघाल्यावर पैसा केंद्राकडे अडकून पडला तर ते दिवस हिशेबातच नव्हते. म्हणजे ग्रामसेवकाचा उशीर मोजायचा आणि दिल्लीचा मोजायचा नाही. संगणकाच्या पडद्यावर ‘वेळेत प्रदान’ची टक्केवारी झळकत होती, तेव्हा मजूर मात्र बँकेच्या दारातून रिकाम्या हाताने परतत होता. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा दुसरा विलंबही विलंबच आहे आणि त्याची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. त्याला जेवढे विचारले तेवढेच त्याने सांगितले होते.

पुढची पायरी म्हणजे भ्रमणध्वनीवरील हजेरी. जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र पाठवणे सक्तीचे झाले. माळरानावर जाळे मिळत नाही. छायाचित्र गेले नाही तर दिवसभर माती उचलूनही गैरहजेरी. ह्याने भ्रष्टाचार थांबला का? जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जातात, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवले जाते. त्यावर उपाय काय, तर ही छायाचित्रे माणसांनी डोळ्यांनी तपासावीत! प्रामाणिक मजुराची मजुरी बुडाली, लबाडाला नवी वाट सापडली, आणि अपुऱ्या कर्मचाऱ्यांवर आणखी एक काम आले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदाच बाजूला सारून नवा संमत केला. त्याची चिकित्सा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

येथपर्यंतचे ऐकून कोणी म्हणेल, प्राध्यापक महाशयांना मोजमापच नको आहे. तसे नाही, म्हणून उलट बाजूचे एक उदाहरण देतो. २००१ च्या सुमारास डॉ. अभय बंग आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून महाराष्ट्रातील बालमृत्यूंची स्वतंत्र मोजणी केली. ‘कोवळी पानगळ’ हा तो अहवाल. शासनाच्या दप्तरात नोंदलेल्या मृत्यूंहून प्रत्यक्षातील मृत्यू कितीतरी अधिक होते. कनिष्ठ कर्मचारी मृत्यू नोंदवीत नव्हते, कारण नोंदवला तर ठपका त्यांच्यावरच येई. आकडा कमी ठेवण्यात तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत सर्वांचे हित होते. अहित फक्त मेलेल्या मुलांचे. ह्यानंतर विधिमंडळात गदारोळ झाला, समिती नेमली गेली, आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. मुलाचे वजन खरे लिहा, त्यासाठी शिक्षा होणार नाही, हा विश्वास सेविकेला देण्यावर त्या अभियानाचा भर होता. दोन वर्षांखालील मुलांमधील खुरटेपणाचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या पाहणीत ते सुमारे २३ टक्क्यांवर आले. सारे श्रेय ह्या एका गोष्टीला देणे अशास्त्रीय होईल. तथापि ती पाहणीही अभियानाने स्वतः न करता बाहेरच्या संस्थेने केली होती, हे ध्यानात ठेवा. पुढे गाडी अडली. पाच वर्षांखालील मुलांतील खुरटेपणा २०१५-१६ मध्ये ३४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५ टक्के नोंदला गेला. दरम्यान सेविकेच्या हाती ‘पोषण ट्रॅकर’ आला. तापणारे, अडखळणारे मोबाईल आणि इंग्रजीतील ॲप ह्यांना कंटाळून २०२१ साली राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते मोबाईल शासनाला परत केले. मानधनावर राबणाऱ्या बाईने मुलाला भरवायचे की माहिती भरायची?

कल्याणकारी योजनांतील ‘बचत’ हा असाच एक फसवा आकडा आहे. आधार जोडणीमुळे इतक्या बनावट शिधापत्रिका रद्द झाल्या, इतके कोटी वाचले, असे शासन सांगते. बनावट किती आणि केवळ जोडणी न झालेल्या किती, हे कोण तपासतो? सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी न जोडल्यामुळे तिच्या कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली होती. मृत्यू भुकेने झाला हे शासनाने नाकारले. पत्रिका रद्द झाली होती हे काही नाकारता आले नाही. वगळलेला माणूस जेथे बचतीच्या रकान्यात जमा होतो, त्या हिशेबाला कोणता अर्थशास्त्रज्ञ हिशेब म्हणेल?

आणि शासनाला हवे असते तेव्हा हीच चाळणी किती मोठी होते तेही आपण पाहिले. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी. एवढ्यात कोणाचेही कुटुंब जगत नाही हे तलाठ्याला, तहसीलदाराला आणि अर्जदाराला सारखेच ठाऊक असते. म्हणून तिघे मिळून एक असत्य दाखला तयार करतात. उलट २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी आलेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेची मर्यादा अडीच लाख रुपये. तेव्हा इष्टांक नोंदणीचा होता, म्हणून गावोगाव अर्ज भरून घेतले गेले. निवडणूक पार पडली आणि पडताळणी व वगळणुकीचे दिवस आले. ह्या योजनेतून गरीब बाईच्या हाती पैसे पडले ह्याचा मला आनंदच आहे. पण निराधार विधवा आणि लाडकी बहीण ह्यांच्या दारिद्र्याला दोन मापे का, हा प्रश्न विधानसभेत आपण नेटाने लावून धरला नाही.

आता आपल्या कामाविषयी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बरा आहे. पण त्याचीही मुदत अर्ज स्वीकारल्यापासून सुरू होते, म्हणजे पुन्हा तीच पावती! अर्ज दाखल होण्यापूर्वीच माणसाला तोंडी परत पाठवले, तर शासनाच्या कोणत्याही पडद्यावर त्याची सावलीसुद्धा उमटत नाही. आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत ‘असंख्य लाभार्थी वंचित आहेत’ असे वाक्य असते. जिल्हाधिकारी ते वाचून फाइलला लावतो, कारण ‘असंख्य’ला उत्तर द्यावे लागत नाही.

म्हणून सूचना अशी की प्रत्येक तालुक्याच्या पक्षकचेरीत एक नोंदवही ठेवावी. कोण माणूस कोणत्या तारखेला कोणत्या कामासाठी गेला, कोणता कागद मागितला गेला, पावती मिळाली की नाही. सहा महिन्यांची नोंद झाली की ती घेऊन माहितीच्या अधिकारात शासनाचे आकडे मागवावेत आणि दोन्ही शेजारी मांडून ग्रामसभेत वाचावेत. हे करताना टेबलापलीकडच्या कारकुनाला शत्रू समजू नये. रिकाम्या पदांचा भार तोच वाहतो, आणि आपल्या नोंदवहीत त्याच्या कचेरीतील रिक्त पदांचा आकडाही असावा. वही कशी आखावी ह्याची चर्चा दुपारच्या सत्रात करू. एक रकाना मात्र आताच सांगून ठेवतो, कारण शासकीय नमुन्यात तो नसतो : ‘अर्ज न घेता परत पाठवले, किती वेळा’.