रोजच्या गाडीचा क्लच

मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं. किती अश्वशक्ती, किती सेकंदांत शंभरचा वेग, टर्बो आहे की नाही, यावर चहाच्या टपरीवर तासभर चर्चा रंगते. क्लचचं नाव मात्र त्याची प्लेट जळाल्याचा वास आल्याशिवाय कुणी घेत नाही. इंजिनाची सगळी ताकद चाकांकडे जाते ती याच एका प्लेटमधून. होटगी रस्त्यावर माझं छोटं वर्कशॉप आहे. हल्ली तिथे तरुण मुलं येतात आणि ‘काका, इंजिनाची ताकद वाढवली, आता दमदार क्लच टाकून द्या,’ असं सांगतात. हा दमदार क्लच निवडायचा कसा, याविषयी आज बोलणार आहे.

क्लच म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या जुन्या मिलची स्थापना १८७७ ची. त्या काळच्या गिरण्यांत छताजवळून एक लांब शाफ्ट अखंड फिरत असे आणि पट्ट्यांनी तो खालचे माग चालवत असे. एका विणकराला धागा तुटला म्हणून माग थांबवायचा झाला, तर सगळी गिरणी थोडीच थांबवता येणार? म्हणून प्रत्येक मागाला शेजारी शेजारी दोन पुली असत. एक मागाला घट्ट बसवलेली, दुसरी नुसतीच सैल फिरणारी. दांडा सरकवला की पट्टा घट्ट पुलीवरून सैल पुलीवर जायचा आणि माग थांबायचा. मोटारीत हेच काम क्लच करतो. इंजिन फिरतं ठेवून चाकांना त्याच्यापासून सोडवायचं आणि पुन्हा अलगद जोडायचं.

मोटारीत पट्ट्याऐवजी एक गोल प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असतं. इंजिनाचं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती स्प्रिंगच्या दाबाने आवळलेली असते. पेडल दाबलं की दाब सुटतो, पाय उचलला की पुन्हा आवळतो. क्लच किती जोर पेलेल, हे तीन गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगचा दाब, अस्तराचं घर्षण आणि प्लेटचा घेर. उदाहरण घेऊ. स्प्रिंगचा दाब साडेचारशे किलो वजनाइतका, घर्षणाचा गुणांक ०.३, अस्तराची सरासरी त्रिज्या नऊ सेंटिमीटर आणि घर्षणाच्या बाजू दोन. हिशेब केला तर हा क्लच सुमारे २४० न्यूटन मीटर टॉर्क पेलतो. त्याहून जास्त जोर आला की प्लेट घसरते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्लचची निवड अश्वशक्ती पाहून करायची नसते, टॉर्क पाहून करायची असते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. आपल्याच राज्यातल्या गाड्या पाहा. छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जुळवलेली ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये आली. तिचा टॉर्क होता २१० न्यूटन मीटर. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली, १४५ अश्वशक्तीची. तिचा टॉर्क २१२. कारखान्यातून निघताना अशा गाड्यांच्या क्लचमध्ये थोडी शिल्लक ठेवलेली असते. पण टर्बो इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलला, की टॉर्क वीस-पंचवीस टक्के सहज वाढतो. मग २१२ चे २६० होतात आणि ती शिल्लक संपते.

तरीही क्लच घसरतोय म्हणून लगेच मोठा क्लच विकत घ्यायला धावू नका. आधी खात्री करा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्यांचा काटा उसळला आणि वेगाचा काटा तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. पण कारण काय? इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून ऑइल झिरपून प्लेटवर गेलं असेल, तर कितीही महागडा क्लच टाका, तोही घसरणारच. पेडलला मोकळी हालचाल उरली नसेल, तर क्लच कायमच अर्धवट दाबलेला राहतो. किंवा प्लेट वयानुसार झिजलेली असेल. अशा वेळी कारखान्याचाच नवीन क्लच पुरतो.

आता बाजारातल्या प्रकारांकडे येऊ. जाहिरातीत स्टेज वन, स्टेज टू, स्टेज थ्री असे शब्द दिसतात. हे काही सरकारी मानक नव्हे. एका कंपनीची स्टेज टू दुसरीच्या स्टेज वनइतकीच असू शकते. म्हणून स्टेज विचारू नका. हा क्लच किती न्यूटन मीटर पेलतो आणि अस्तर कशाचं आहे, एवढंच विचारा. इंजिनाच्या वाढलेल्या टॉर्कपेक्षा साधारण सव्वापट क्षमता असली की रोजच्या गाडीला पुरे.

अस्तरं मुख्यतः तीन प्रकारची. पहिलं ऑरगॅनिक, म्हणजे कारखान्यातून येतं तसं. ते अलगद पकडतं, हाफ क्लचवर गाडी सरकवताना धक्का देत नाही. फार तापलं तर मात्र पकड सोडतं. दुसरं केव्हलारचं. ते टिकाऊ असतं आणि मऊ पकडतं, पण सुरुवातीला बरंच अंतर सबुरीने चालवून बसवावं लागतं आणि एकदा जळालं की त्याची पकड सहसा परत येत नाही. तिसरं सिरॅमिक आणि धातूंचं मिश्रण. ते उष्णतेला दाद देत नाही, पण जवळजवळ बटणासारखं चालतं: एक तर सुटलेलं, नाही तर पकडलेलं. शर्यतीच्या ट्रॅकवर ते उत्तम. नवी पेठेत संध्याकाळी किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत मात्र गाडी प्रत्येक वेळी झटका देऊन थरथरत सुटते.

दाब वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट. मघाच्या उदाहरणात दाब पाव पटीने वाढवला, तर २४० चे ३०० होतात. अस्तर तेच ऑरगॅनिक ठेवता येतं. पण फुकट काही मिळत नाही. तो वाढलेला दाब तुमच्या डाव्या पायाला, रिलीज बेअरिंगला आणि इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगलाही सोसावा लागतो. शहरात दिवसाला शेकडो वेळा पेडल दाबावं लागतं, हे विसरू नका.

यावरून एक प्रसंग सांगतो. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करणारा एक तरुण त्याची टर्बो हॅचबॅक घेऊन आला. प्रोग्राम बदललेला होता, चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरत होता. दोन महिन्यांचा पगार बाजूला ठेवून आला होता. ‘काका, स्टेज थ्रीच टाका, एकदाच काय तो खर्च होऊ दे.’ मी विचारलं, ‘गाडी घरात आणखी कोण चालवतं?’ म्हणाला, ‘आई. शाळेत शिक्षिका आहे. मी कंपनीच्या बसने जातो तेव्हा तीच नेते.’ आईच्या डाव्या गुडघ्याला दुखणं होतं, हेही बोलता बोलता कळलं.

तसाच जड, सिरॅमिकचा क्लच बसवलेली त्याच्या मित्राची गाडी होती. मी म्हटलं, ‘आईंना एकदा ती चालवायला दे आणि मग ठरव.’ रविवारी सकाळी त्या आल्या. मी शेजारी बसलो. सात रस्त्यापर्यंत जाऊन येईपर्यंत गाडी चार वेळा बंद पडली. एकदा तर भर चौकात, मागे एसटी उभी. परत आल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊ, गाडी चांगली आहे, पण हा क्लच माझ्या पायाचा नाही. त्याला हौस आहे तर बसवू द्या त्याला. मी रिक्षाने जाईन.’ मुलगा काही बोलला नाही. दोन दिवसांनी फोन आला, ‘काका, आईला चालवता येईल असं सांगा.’

मग आम्ही दोन्हीकडून वाट काढली. ऑरगॅनिक अस्तर आणि थोडी जड प्रेशर प्लेट घेतली. शिवाय प्रोग्राम करणाऱ्याला सांगून अडीच हजार फेऱ्यांच्या खालचा टॉर्क थोडा कमी करून घेतला. टर्बो गाडीत क्लचवर सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. वरच्या फेऱ्यांतली मजा राहिली. जागेवरून टायर घासत सुटण्याची हौस मात्र त्याला सोडावी लागली. उरलेल्या पैशांत त्याने पुढचे ब्रेक आणि टायर बदलले. आई अजूनही त्याच गाडीने शाळेत जातात.

क्लच उघडलेलाच असतो तेव्हा फ्लायव्हीलही पाहून घ्या. आजकाल अनेक गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. ते इंजिनाचे हादरे गिळतं, पण त्यालाही टॉर्कची मर्यादा असते. त्याऐवजी हलकं, एकसंध फ्लायव्हील टाकलं तर इंजिन चटकन फेऱ्या घेतं. मात्र गाडी उभी असताना गिअरबॉक्स खडखडतो आणि चढावर इंजिन बंद पडायची शक्यता वाढते. रोजच्या गाडीला शक्यतो मूळ प्रकारचंच ठेवा.

नवीन क्लच बसवल्यावर पहिले सात-आठशे किलोमीटर शहरात, सबुरीने चालवा. पूर्ण ॲक्सिलरेटर नको. आणि गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्येच उचला. दुसऱ्यात उचलली तर प्लेट जवळजवळ दुप्पट वेगापर्यंत घासत राहते आणि उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तिपटीच्या घरात जाते. तुळजापूरच्या घाटात ट्रकमागे थांबावं लागलं, तर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक आहे कशाला? मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो तेव्हा तापलेल्या प्लेटला निवायला वेळही जास्त लागतो.

गॅरेजवाल्या बांधवांनाही एक विनंती. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं आणि त्याच्या धुळीने कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. समोरच्या प्लेटमध्ये ते आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून क्लचची धूळ हवेच्या नळीने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. हाताखालच्या पोरांना तोंडाला मास्क लावायला सांगा.

आणि मालकांसाठी कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच अर्थ स्पष्ट केला. क्लचची नोंद त्या पत्रात नसते. पण इंजिनाची ताकद वाढवली असेल, तर वॉरंटी आणि विमा यांचं काय होईल, हे कागद वाचून आधीच विचारून घ्या. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

तेव्हा क्लच निवडताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. इंजिनाचा खरा टॉर्क किती? गाडी महिन्यातले किती दिवस गर्दीत जाते? आणि ती घरात कोण कोण चालवतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मशीनवर मिळतं, दुसऱ्याचं रस्त्यावर. तिसऱ्याचं उत्तर घरी बसून, घरच्यांना विचारूनच मिळतं, आणि खरेदीला निघण्याआधी तेच सगळ्यात आधी विचारायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)