ठकवाठकवीचे इंग्रजी शब्द
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आली. पाठातील शब्दांचे अर्थ शिक्षक मुलांना सांगतातच. परंतु शाळेबाहेर कानी पडणारे पुष्कळ प्रयोग कोशातील पहिल्या अर्थाने उलगडत नाहीत. फसवणुकीचे बोलभाषेतील शब्द त्यांपैकीच होत. 'पुलिंग युअर लेग' याचे शब्दशः भाषांतर केले तर 'पाय ओढणे' असे होईल, आणि मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्यास खाली खेचणे. इंग्रजीत त्याचा अर्थ थट्टेने खोटे सांगणे एवढाच आहे. उलटपक्षी 'टेकिंग फॉर अ राइड' यात फेरफटक्याचा भास होतो, आणि अर्थ निघतो तो फसवणुकीचा!

अशा शब्दांची जन्मकथा सांगितली म्हणजे अर्थ मनात ठसतो. 'कॉन मॅन' हाच शब्द घ्या. १८४९ साली न्यूयॉर्क शहरात विल्यम थॉम्प्सन नावाचा एक इसम पकडला गेला. नीटनेटका पोशाख करून तो रस्त्यात अनोळखी गृहस्थास गाठी, जुनी ओळख असल्याप्रमाणे गप्पा मारी आणि मग विचारी की, उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्यापाशी ठेवण्याइतका माझ्यावर विश्वास आहे काय? समोरचा गृहस्थ भिडेने घड्याळ काढून देई आणि थॉम्प्सन ते घेऊन चालता होई. वृत्तपत्रांनी त्यास 'कॉन्फिडन्स मॅन', म्हणजे विश्वासवाला, असे नाव दिले. त्याचेच पुढे 'कॉन मॅन' झाले. त्याने कुलूप फोडले नाही की सुरा दाखवला नाही. मालकाने स्वहस्ते वस्तू दिली. म्हणून या शब्दाचा अर्थ फळ्यावर 'चोर' असा लिहिणे पुरेसे नाही. मराठीतील 'ठग' त्याच्या अधिक जवळचा आहे. गंमत अशी की, हाच 'ठग' इंग्रजीत 'थग' होऊन गेला आणि तेथे त्याचा अर्थ मारामारी करणारा गुंड असा झाला.

'बंकम' म्हणजे पोकळ बडबड. १८२० साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मिसूरीच्या प्रश्नावर मतदान व्हावे म्हणून सभासद उतावीळ झाले असता फेलिक्स वॉकर हे भाषण करू लागले. आपण सभागृहासाठी नव्हे, तर बंकम परगण्यासाठी बोलत आहोत, असा त्यांचा खुलासा होता. बिचारा परगणा मात्र कायमचा शब्दकोशात अडकला.

मराठीही याबाबतीत दरिद्री नाही. थाप मारणे, टोपी घालणे, शेंडी लावणे हे प्रयोग मुलांच्या तोंडी असतातच. 'चारसोबीस' हा तर कायद्यातून आलेला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ४२० वे कलम फसवणुकीचे होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कलमाचा आकडा बदलला. बोलीतील आकडा काही बदलला नाही. इंग्रजी शब्दाशेजारी असा घरचा शब्द ठेवला म्हणजे अर्धे काम होते.

नव्या शब्दांतील 'फिशिंग' हा मासे धरण्यावरूनच निघाला. स्पेलिंग तेवढे निराळे. त्याची गाठ आता खेड्यातही पडते. आजोबांच्या मोबाइलवर आलेला इंग्रजी संदेश वाचून दाखवण्याचे काम पुष्कळदा नातवाकडे येते. बँकेचे खाते बंद पडणार आहे, तरी आलेला ओटीपी ताबडतोब कळवावा, असा तो संदेश असतो. मुलास त्यातील प्रत्येक शब्द वाचता येतो. पण घड्याळ मागणारा थॉम्प्सन त्यात ओळखता आला नाही, तर त्याच्या वाचनानेच आजोबांची पुंजी जाते.

हा पाठ देताना शिक्षकांनी साधा प्रयोग करून पाहावा. एका मुलास गुपचूप सांगून ठेवावे, की गोड बोलून वर्गातील चौघांकडून कंपासपेटी उद्यापर्यंत मागून आण. पेट्या टेबलावर आल्या म्हणजे त्या देणाऱ्यांना, कोणतीही घाई न करता, त्या का दिल्या हे विचारावे. आणि 'कॉन्फिडन्स' हा शब्द त्यानंतरच फळ्यावर लिहावा.