अश्रू आणि प्रार्थना



आज आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव. मंदिर शृंगारलेले आहे, घंटा वाजत आहेत. तथापि या आनंदाच्या घटकेसही ज्यांच्या घरातील एक जागा रिकामी आहे, असे पुष्कळजण माझ्यासमोर बसलेले आहेत, हे मी जाणतो. त्यांच्यासाठीच दोन शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

संत ऑगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात दोन शोक वर्णिले आहेत. पहिला तरुणपणीचा. आफ्रिकेतील थागास्ते या जन्मगावी ते शिक्षक असता त्यांचा जिवलग मित्र तापाने वारला. त्या काळी ते मानीच्या पाखंडी पंथात गुरफटलेले असल्यामुळे दुःख कोणापुढे मांडावे, हेच त्यांना कळेना. घर व गाव असह्य होऊन ते कार्थेज नगरास निघून गेले. त्या शोकाने त्यांना कोठे पोचविले नाही, केवळ पळविले.

दुसरा शोक इ. स. 387 मधील. त्याच वर्षी ईस्टरच्या रात्री मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला होता. ज्या पुत्रासाठी संत मोनिका यांनी कित्येक वर्षे अश्रू ढाळून प्रार्थना केली, तो अखेर प्रभूस मिळाला होता. मायदेशी परतताना ओस्तिया येथे ती माउली तापाने आजारी पडली व वयाच्या 56व्या वर्षी निवर्तली. देह कोठेही पुरा, मात्र प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण करा, एवढेच तिचे मागणे होते.

पुत्राने अश्रू आवरून धरले. श्रद्धेने मेलेल्यासाठी आक्रोश करणे उचित नव्हे, असे त्यांना वाटले. दफनविधीच्या वेळीही ते रडले नाहीत. स्नान केले, पण दुःख धुतले गेले नाही. पुढे झोपेतून जागे झाल्यावर संत अँब्रोज यांचे एक गीत त्यांना आठवले आणि एकांतात देवासमोर त्यांनी अश्रूंना वाट करून दिली. त्या अश्रूंतूनच आईच्या आत्म्यासाठी प्रार्थना उगम पावली. आणि पुढे आपले निवेदन लिहिताना मोनिका व पात्रिसियुस या आपल्या मातापित्यांचे वेदीपाशी स्मरण करावे, अशी विनंती त्यांनी वाचकांस केली. प्रार्थनेने शोक नाहीसा केला नाही; त्याला दिशा दिली.

बंधुभगिनींनो, कबरस्थानात उभा राहून शोकाकुल मातांना मीही कित्येकदा "रडू नका, देवाची इच्छा" असे म्हटले आहे. आज वाटते, मी घाई केली. लाझारसला उठविण्याचे सामर्थ्य असूनही आपल्या प्रभूने त्याच्या मरणाबद्दल अश्रू ढाळले. मग आपणच अश्रूंची लाज का बाळगावी? श्रद्धा रडण्यास मना करीत नाही. कोणापुढे रडावे, हे ती शिकविते.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या दिवंगतांची नावे पवित्र मिस्सामध्ये वेदीपाशी आणावीत, आणि ज्या शेजाऱ्याचे दुःख ताजे आहे, त्याच्या घरी जाऊन एक रोझरी त्याच्यासमवेत म्हणावी. ज्यांनी हे मंदिर उभारिले, त्यांपैकी कित्येक आज या भूमीत विसावले आहेत. त्यांच्या स्मरणावाचून आपला उत्सव अपुरा आहे.

दयाघन प्रभू आपले अश्रू स्वीकारो व आपणांस नवे अंतःकरण देवो. आमेन.