सोयरा : एका नावाची हकिकत
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



आम्ही चौथी शिकलेले. आमचं शिक्षण बैलामागं आणि वीणेमागं झालं. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घालावं.

शताब्दीनिमित्त काहीतरी बोला, असं कमिटीनं सांगितलं. दिंडीचा इतिहास सांगणारे आमच्यापेक्षा जाणते पुष्कळ आहेत. आम्ही एका नावाची हकिकत सांगणार आहोत. नाव आहे सोयरा.

आधी आपल्या गावाची हजेरी घेऊ. ज्ञानेश्वर किती? ओट्यावर उभं राहून हाक मारली तर पाच जण ओ देतील. तुकाराम, नामदेव, निवृत्ती, सोपान, सगळे आहेत. माळ्याच्या घरी सावता असतो, सोनाराच्या घरी नरहरी असतो. बायकांत मुक्ता आहेत, जना आहेत. आता सांगा, सोयरा किती? आम्ही साठी ओलांडली, चाळीस वर्षं कीर्तनाला गावोगाव हिंडलो, पण पाळण्यात सोयरा नाव घातलेली पोर आमच्या घरची सोडून दुसरी पाहिली नाही. कुठं असेलही. आमच्या वाटेत आली नाही, एवढंच.

नाव वाईट आहे म्हणावं, तर अर्थ बघा. सोयरा म्हणजे आपला माणूस. आपण सगेसोयरे म्हणतो, सोयरीक जुळली म्हणतो. ज्याच्या घरी आपण जेवतो, ज्याच्या घरी पोर देतो, तो सोयरा. आणि ज्याच्याशी काही देणंघेणं ठेवायचं नाही, त्याच्याबद्दल म्हणतो, ‘त्याचं आम्हाला सोयरसुतक नाही.’ म्हणजे जन्माचा सोयर नाही आणि मरणाचं सुतकही नाही. एवढ्या एका शब्दात माणसं जोडायची कशी आणि तोडायची कशी, दोन्ही आलं.

हे नाव होतं आमच्या चोखोबारायांच्या कुटुंबाचं. चोखोबा मंगळवेढ्याचे. पंढरपुराहून मंगळवेढं पंचवीसेक किलोमीटर. नामदेवरायांच्या काळातली ही मंडळी. चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, अख्खं घर अभंग करणारं. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. ते साल 1338 सांगतात. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारात समाधी केली. आज आपण नामदेव पायरीला हात लावतो आणि समोर चोखोबांना नमस्कार करतो, ती ही जागा. जिवंतपणी त्या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरीत उपोषण केलं, तेव्हा कुठं ते दार सगळ्यांना उघडलं. मधे सहाशे वर्षं गेली.

सोयराबाईंचे साठेक अभंग आज मिळतात. त्यातल्या एकात ती माउली सरळ विचारते की, देहाला विटाळ म्हणता, तर विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा. शाळा नाही, पाटी नाही, पण हा प्रश्न बघा. आणि तिचा तो रंगाचा अभंग! किशोरीताई आमोणकरांनी गायला आणि घरोघर गेला. आपल्या दिंडीतही तो गात गात पावलं टाकतात. पण गाणाऱ्याला थांबवून विचारा, अभंग कुणाचा? दहातले आठ जण तुकोबांचं नाव सांगतील. आमच्या डोळ्यांदेखत असं घडलंय.

त्यात तिचाही दोष नाही. अभंगाच्या शेवटी ती बहुधा स्वतःचं नाव घालत नाही. नवऱ्याचं नाव सांगते आणि आपली जात सांगते. ज्या बाईनं आपलंच नाव मागं ठेवलं, तिचं नाव पुढं न्यायचं काम आपलं होतं. ते आपण केलं नाही.

आता घरची गोष्ट सांगतो.

सोयराबाईंच्या बाळंतपणाचा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. चोखोबा बहिणीला आणायला तिच्या गावी गेले होते. घरात सोयरा एकटी. कळा सुरू झाल्या. तेव्हा पांडुरंग निर्मळेचं रूप घेऊन आला, नणंद झाला आणि बाळंतपण केलं. चरित्रात असं सांगतात. आम्ही तीस वर्षं हा प्रसंग कीर्तनात लावला. देवानं सोयर धरला, देव सोयरा झाला, असं म्हटलं की मंडप रडतो. आम्हालाही गहिवर येतो.

नऊ वर्षांपूर्वी थोरल्याला मुलगी झाली. बारशाची तयारी चालली होती. सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, “मामा, तुमच्या कीर्तनातलं नाव ठेवू का? सोयरा?”

माउली, खरं सांगतो, आमच्या घशाला कोरड पडली. तीस वर्षं ज्या नावावर लोकांना रडवलं, ते नाव आमच्या घरात आलं तर आम्ही गप्प. भावकी काय म्हणेल? पोरीचं लग्न ठरताना कुणी काय विचारेल? पोर बारा दिवसांची आणि आम्ही तिची सोयरीक बघत बसलो! “बघू,” म्हणालो आणि उठून रानात गेलो. ऊस पाण्यावर होता. दारं धरता धरता डोक्यात तेच.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या कानावर गेलं. ते आले आणि म्हणाले, “पाहुणं, नावांचा काय दुष्काळ पडलाय का? हे नाव आपल्यात चालत नाही.”

आम्हाला एकदम सुचलं. म्हणालो, “चालत कसं नाही? शिवाजी महाराजांच्या राणीसाहेबांचं नाव सोयराबाई. तळबीडच्या मोहित्यांची लेक, हंबीरराव मोहित्यांची बहीण, राजाराम महाराजांची आई. 1674 ला राज्याभिषेकात पट्टराणी म्हणून बसली.” व्याही विचारात पडले. म्हणाले, “असं असेल तर हरकत नाही. लोकांना तसंच सांगा.”

आम्ही खूश. वाद मिटला. आपण केवढं शहाणपण केलं असं वाटलं.

आपल्या दिंडीत पाठीमागं एक आजी चालायच्या. चोखोबांच्या समाजातल्या. त्यांच्या घरची पुढची पिढी बाबासाहेबांनी 1956 साली दाखवलेल्या वाटेनं गेली. आजीनं मात्र वारी सोडली नव्हती. बाबासाहेबांनीही 1948 साली अस्पृश्यांवर लिहिलेला आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला वाहिला होता. हे आम्हाला आजीच्या नातवानं सांगितलं. तो प्राध्यापक आहे.

बारशाचं बोलावणं द्यायला आम्ही आजीच्या घरी गेलो. नाव सांगितलं. आजीचे डोळे भरले. आम्ही भरात व्याह्यांची हकिकतही सांगितली, राणीसाहेबांचं नाव काढून कसं जमवलं ते. आजी ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “बुवा, नाव ठेवा. लई ग्वाड नाव हाय. राणीबी मोठीच. पर पोर मोठी झाल्यावर तिला कुणी इचारलं, कुणाचं नाव गं, तर तिला राणीचं सांगाय लावू नका. आमच्या बाईला दारात ठिवली व्हती, तुम्ही नावातनंबी भाईर काढू नका.”

आम्ही खाली मान घातली. बोलायला तोंड उरलं नव्हतं. आजीनं चहा केला. आम्ही प्यालो. इतकी वर्षं एका दिंडीत चाललो, एका विठ्ठलाला हाक मारली, पण त्यांच्या घरचा चहा त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो. हेही इथं कबूल करतो.

बारशाच्या दिवशी बायकांनी पाळणा म्हणायच्या आधी आम्ही उभं राहून सांगितलं, “हे नाव मंगळवेढ्याच्या सोयराबाईंचं, चोखोबारायांच्या कुटुंबाचं आहे. हेच नाव पुढं तीनशेच्या वर वर्षांनी रायगडच्या राणीचंही होतं. म्हणजे तेव्हा झोपडीत आणि राजवाड्यात एकच नाव चालत होतं. आता का चालू नये?” व्याही जेवायला थांबले नाहीत. दोन वर्षं येणं-जाणं कमी झालं. सूनबाईला माहेरी जाताना जड जायचं, ते आम्ही पाहिलं. नाव ठेवणं सोपं, पण त्याची किंमत बहुधा घरची लेक-सून भरते.

पोर शाळेत घातली, तर हजेरीत ‘सायरा’ लागलं. दुरुस्त करून आणलं. पुढल्या वर्षी ‘स्वरा’ लागलं. हल्ली ते नाव पुष्कळ आहे म्हणे. पुन्हा दुरुस्त केलं. आता पोर तिसरीत आहे. कुणी चुकीचं म्हटलं की स्वतःच सांगते, “सोयरा. स ला काना मात्रा.” आणि कुणाचं नाव विचारलं तर म्हणते, “देवानं जिचं बाळंतपण केलं तिचं.”

गेल्या आषाढीला व्याही स्वतःहून वाखरीत भेटायला आले. नातीला खांद्यावर घेतलं आणि उभ्या रिंगणापर्यंत गर्दीत तिच्या नावानं हाका मारत गेले. आम्ही मागनं ऐकत होतो. काही बोललो नाही. आजी मात्र ते बघायला राहिल्या नव्हत्या.

मंडळी, आपल्या मराठीत नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. मधे एका टिंबाचा फरक. चोखोबांच्या घराला आपण शेकडो वर्षं नावं ठेवली. आता त्यांची नावं ठेवायला शिकू. दिंडीला शंभर वर्षं झाली, मंडप घातला, ग्रंथ काढला, चांगलं झालं. आमची एवढीच विनंती आहे, पुढच्या शंभर वर्षांत या दिंडीत सोयरा, निर्मळा, चोखा, बंका अशा हाका ऐकू याव्यात आणि त्या कुठल्याही आळीतून याव्यात. आणि आजीच्या घराकडं जाणारी वाट बारशापुरती नसावी. तिथला चहा आपल्याला नेहमीचा व्हावा.

अधिक-उणं बोललो असेन तर लेकरू समजून क्षमा करा.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.